लोगनएअर: दोन मिनिटांच्या फेरीवाली विमानकंपनी

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी हा बेटांचा समूह आहे. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून नियमित विमानसेवा चालते. अंतर २.७ किलोमीटर, म्हणजे एडिनबरा विमानतळाच्या धावपट्टीपेक्षा जेमतेम थोडं जास्त. वेळापत्रकात दोन मिनिटं दिलेली असतात. वारा अनुकूल असला की त्याहूनही कमी वेळ लागतो. स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने हे अंतर ५३ सेकंदांत पार केलं होतं. जगातली सर्वांत छोटी नियमित विमानफेरी म्हणून ती प्रसिद्ध आहे आणि बहुतेकांना लोगनएअर हे नाव तेवढ्यामुळेच माहीत असतं.

मला ही कंपनी महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणासाठी. लहान प्रादेशिक विमानकंपन्या पाच-दहा वर्षांत बंद पडतात, हे आपण जगभर पाहतो. लोगनएअर १९६२ पासून उडते आहे. मधल्या काळात तिचे मालक बदलले, विमानांवरचं नाव तीनदा बदललं, अपघात झाले, एकदा तर कंपनी जवळजवळ मुळापर्यंत छाटली गेली. तरी ती उरली, आणि उरली ती सगळ्यांत कमी कमाईच्या मार्गांमुळे. ते कसं घडलं हे समजून घ्यायचं तर धावपट्टी, यंत्र आणि कंत्राट या तिन्हींकडे एकत्र पाहावं लागतं.

सुरुवात बांधकामाच्या धंद्यातून झाली. विली लोगन हे स्कॉटलंडमधले कंत्राटदार. त्यांच्या लोगन कन्स्ट्रक्शन कंपनीची कामं लांबलांब पसरलेली. डंडीजवळचा टे नदीवरचा रस्त्याचा पूलही पुढे त्यांनीच बांधला. माणसं आणि साहेब लोक एका कामावरून दुसऱ्या कामावर न्यायला रस्त्याने दिवस मोडायचा. १ फेब्रुवारी १९६२ रोजी एडिनबराहून एका पायपर अॅझ्टेक विमानावर हवाई टॅक्सी सुरू झाली, तीच लोगनएअर. अॅझ्टेक म्हणजे दोन पिस्टन इंजिनांचं पाच-सहा जणांचं विमान. जानेवारी १९६६ मध्ये इनव्हरनेसजवळ विमान अपघातात लोगन यांचा मृत्यू झाला. ते विमान त्यांच्या कंपनीचं नव्हतं, दुसऱ्याकडून भाड्याने घेतलेलं होतं. १९६८ मध्ये कंपनी नॅशनल कमर्शियल बँक ऑफ स्कॉटलंडकडे गेली. ही बँक पुढच्याच वर्षी रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये विलीन झाली, आणि १९८३ पर्यंत ही विमानकंपनी एका बँकेच्या मालकीची राहिली.

पण कंपनीचा पाया घातला गेला तो १९६७ मध्ये, ब्रिटन-नॉर्मन आयलंडर हे विमान आल्यावर. आयलंडरचं पहिलं उड्डाण जून १९६५ मधलं. लोगनएअर त्याच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी. या विमानाची रचना नीट पाहिली की ऑर्कनीत ते इतकी वर्षं का टिकलं हे कळतं. पंख वरच्या बाजूला, त्यामुळे पंखे जमिनीपासून उंच राहतात आणि खडीचे तुकडे उडून त्यांना लागण्याची शक्यता कमी होते. चाकं कायम बाहेर. ती आत ओढून घेण्याची यंत्रणाच नाही, म्हणजे ती बिघडण्याचा प्रश्नही नाही. दोन लायकॉमिंग ओ-५४० पिस्टन इंजिनं, प्रत्येकी २६० अश्वशक्तीची. उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन २,९९४ किलो. आत मधून चालायला वाट नाही. बाकासारख्या आसनांच्या रांगा आणि थेट बाहेरून उघडणारे दरवाजे. माणसं आपापल्या रांगेत बाजूने चढतात, बाजूनेच उतरतात. आठ-नऊ प्रवासी आणि एक वैमानिक. गरज पडली तर एक प्रवासी वैमानिकाशेजारी बसतो. त्या बेटांवरच्या धावपट्ट्या पाचशे मीटरच्या आसपासच्या, गवताच्या किंवा खडीच्या. तिथे एवढ्या लांबीत सुखरूप उतरून पुन्हा उडणारं आणि आठ माणसांच्या भाड्यात चालवता येणारं दुसरं यंत्र शोधणं कठीण.

दहापेक्षा कमी आसनांच्या विमानात वजनाचा हिशेबही वेगळा असतो. मोठ्या विमानात प्रवाशाचं वजन सरासरीने धरलं तरी चालतं, कारण दीडशे माणसांत जाड-बारीक सारखे होऊन जातात. आठ जणांत तसं होत नाही. म्हणून प्रत्येकाचं प्रत्यक्ष किंवा त्याने सांगितलेलं वजन धरून, कपडे आणि हातातल्या सामानाची भर घालून, कोण कुठल्या रांगेत बसणार हे ठरवावं लागतं. मागच्या रांगेत दोन धिप्पाड माणसं आणि त्यांच्यामागे सामान असं झालं तर गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि विमान नाक वर उचलायला लागतं.

दोन मिनिटांच्या फेरीची खरी किंमत देखभालीत मोजावी लागते. विमानाच्या सांगाड्याचं आयुष्य उड्डाणाच्या तासांबरोबरच उतरण्याच्या संख्येवरही मोजतात. लांब मार्गावरचं विमान दिवसभरात दोन-तीनदा उतरतं; बेटाबेटांत फिरणारं विमान तेवढ्यांदा तासाभरातच उतरतं. चाकांचे दांडे, त्यांच्या जोडण्या, ब्रेक आणि टायर यांच्यावर ताण येतो तो प्रत्येक उतरण्याला. इंजिनाचंही तसंच. पिस्टन इंजिनाला पूर्ण तापमानाला येऊन तिथे काही वेळ स्थिर राहणं मानवतं. तेल पुरेसं तापलं तर त्यात जमलेली वाफ उडून जाते. दोन-पाच मिनिटं पूर्ण ताकद, लगेच उतरण्यासाठी कमी ताकद, मग थंड समुद्री वारा, पुन्हा पूर्ण ताकद, असं सतत चाललं की सिलिंडर आकसत-प्रसरत राहतात आणि त्यांच्या वरच्या भागाला (हेडला) तडे जाण्याची भीती वाढते. तेलात पाणी साठलं तर आतून गंज. त्यामुळे ताकद झपकन कमी न करता टप्प्याटप्प्याने उतरवणं, सिलिंडरचा दाब वेळेवर तपासणं आणि तेल लवकर बदलणं या गोष्टींना इथे पर्याय नाही. तासाचा खर्च पाहून या मार्गाचा हिशेब मांडणारा माणूस हमखास फसतो. हिशेब दर उतरण्यामागे मांडावा लागतो.

लोगनएअरचं दुसरं वेगळं ठिकाण म्हणजे पश्चिमेकडचं बारा बेट. इथला विमानतळ ट्राय व्होर नावाच्या रुंद वाळूच्या किनाऱ्यावर आहे आणि भरतीला तो पाण्याखाली जातो. तीन धावपट्ट्या त्रिकोणात आखलेल्या आहेत, त्यांच्या टोकांना लाकडी खांब. तीन दिशा अशासाठी की अटलांटिकवरून येणारा वारा कुठूनही आला तरी जवळपास समोरून घेता यावा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून विमानांचं वेळापत्रक भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवूनच बनतं. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त आत येतं आणि जोराचा वारा पाण्याला आणखी रेटतो, त्यामुळे कोष्टकातल्या वेळेवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. वाळू किती घट्ट आहे, पाण्याची डबकी कुठे राहिली आहेत, हे पाहूनच विमान उतरवावं लागतं. एरवी याच वाळूत लोक शिंपल्या वेचतात. वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी खांबावर चढवलेली दिसली की विमानतळ चालू आहे असं समजून किनारा मोकळा करायचा, हा तिथला नियम. रात्री एखादा आजारी माणूस हलवायचा असेल तर वाळूवर परावर्तक पट्ट्या अंथरून गाड्यांच्या दिव्यांच्या उजेडात विमान उतरवलं गेलं आहे.

इथे चालतं ते ट्विन ऑटर. एकोणीस आसनं, पीटी-६ जातीची दोन टर्बोप्रॉप (टर्बाइनने पंखा फिरवणारी) इंजिनं, कायम बाहेर असलेली मजबूत चाकं. इंजिनाच्या तोंडाशी एक झडप असते. ती उघडली की आत येणाऱ्या हवेला अचानक वळण घ्यावं लागतं. हवा हलकी असल्यामुळे वळते, वाळूचे कण आणि पाण्याचे थेंब जड असल्यामुळे सरळ बाहेर फेकले जातात. पण हवेत मिसळलेलं बारीक मीठ असं निघत नाही. ते आत येणारी हवा दाबणाऱ्या काँप्रेसरच्या पात्यांवर बसतं, इंजिनाची ताकद हळूहळू खातं आणि गरम भागात पोचलं की इंधनातल्या गंधकाबरोबर मिळून टर्बाइनच्या पात्यांचा धातू पोखरतं. उपाय साधा आणि कष्टाचा: गोड्या पाण्याने बाहेरून विमान धुणं आणि काँप्रेसर आतून धुणं. चाकांचे दांडे, बिजागऱ्या, फ्लॅपच्या खाचा, विजेच्या जोडण्या, सगळीकडे खारं पाणी उडालेलं असतं. एका दिवसाचा कंटाळा लगेच दिसत नाही. तो पुढच्या मोठ्या तपासणीत, पत्रा उघडल्यावर दिसतो.

सुरुवातीच्या वर्षांतच हवाई रुग्णवाहिकेचं काम आलं. ऑर्कनीत १९६७ पासूनच आयलंडर रुग्ण नेत होतं, आणि १९७३ मध्ये ब्रिटिश युरोपियन एअरवेजची हेरॉन विमानं निवृत्त झाल्यावर स्कॉटलंडच्या बेटांवरची मोठी जबाबदारी लोगनएअरकडे आली. ती २००६ पर्यंत होती. आधीच्या वर्षी, १५ मार्च २००५ ला, कॅम्पबेलटाउनकडे रुग्ण आणायला निघालेलं आयलंडर रात्री खराब हवेत समुद्रात कोसळलं. वैमानिक आणि त्याच्याबरोबरचा पॅरामेडिक दोघे गेले. रात्र, ढग, एकटा वैमानिक आणि वाट पाहणारा रुग्ण, या चार गोष्टी एकत्र आल्या की कामाचा ताण कुठवर जातो हे त्या चौकशीने स्पष्ट केलं. प्रवाशांच्या आसनांना नुसता कमरेचा पट्टा न ठेवता खांद्याचाही पट्टा असावा, हा आग्रहही त्यातून पुढे आला.

१९८३ च्या अखेरीस कंपनी ब्रिटिश मिडलंडच्या गटात गेली आणि वाढीचे दिवस आले. शॉर्ट्स ३६० सारखी छत्तीस आसनांची विमानं, पुढे बीएई १४६ ही चार इंजिनांची जेट विमानं, मँचेस्टरसारख्या शहरांचे मार्ग. माझ्या मते हा कंपनीच्या इतिहासातला सर्वांत कच्चा काळ आहे. शहराशहरांमधल्या मार्गावर लोगनएअरकडे दुसऱ्याकडे नाही असं काहीच नव्हतं. १९९४ च्या फेररचनेत स्कॉटलंडबाहेरचे मार्ग त्याच गटातल्या मँक्स एअरलाइन्सकडे गेले आणि लोगनएअरने जुलैमध्ये ब्रिटिश एअरवेजची फ्रँचायझी घेतली, म्हणजे ती तिच्या नावाखाली उडू लागली. १९९७ मध्ये स्कॉट ग्रिअर यांच्या पुढाकाराने व्यवस्थापनानेच कंपनी विकत घेतली, तेव्हा हातात आयलंडर आणि ट्विन ऑटर एवढंच उरलं होतं. म्हणजे जेट, शहरं, मोठा गट हे सगळं गळून पडलं आणि गवताच्या व वाळूच्या धावपट्ट्यांचं काम राहिलं. कंपनी पुन्हा उभी राहिली ती तिथूनच. १९९९ पासून चौतीस आसनी साब ३४० येऊ लागली आणि पुढची वीस वर्षं तीच कंपनीचा कणा होती.

२७ फेब्रुवारी २००१ चा अपघात लहान कंपनी चालवणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने वाचावा असा आहे. शॉर्ट्स ३६० विमान, नोंदणी जी-बीएनएमटी, टपाल घेऊन एडिनबराहून बेलफास्टला निघालं होतं. मध्यरात्रीनंतर ते एडिनबराला येऊन उभं राहिलं आणि जवळपास सतरा तास तिथेच होतं. बाहेर बर्फ पडत होता, वारा जोराचा होता आणि इंजिनांची तोंडं वाऱ्याकडे. तोंडावर लावायची झाकणं लावलेली नव्हती. झाकणं विमानात नव्हतीच, विमानतळावरही सहज मिळण्यासारखी नव्हती. बर्फ आत साचला, थोडा वितळून चिखलासारखा झाला. तो इतका आत होता की उड्डाणापूर्वीच्या नेहमीच्या पाहणीत खालून दिसला नसता. संध्याकाळी विमान उडालं. सुमारे २,२०० फुटांवर वैमानिकांनी नियमाप्रमाणे बर्फरोधक झडपा चालू केल्या. त्याबरोबर आतल्या हवेचा मार्ग बदलला, साचलेला गाळ हलला, आणि दोन्ही इंजिनं जवळजवळ एकाच वेळी बंद पडली. विमान एडिनबराजवळच्या फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या पाण्यात उतरवावं लागलं. दोन्ही वैमानिक वाचले नाहीत.

चौकशीत निघालेली गोष्ट अशी: थंड हवेत विमान उभं ठेवताना झाकणं लावा, हा सल्ला उत्पादकाच्या देखभाल पुस्तिकेत होता. वैमानिकांना त्यासाठी कामाची ठरेल अशी कुठलीही ठरलेली पद्धत कंपनीत नव्हती. मोठ्या तळावर विमान रात्री मेकॅनिकच्या ताब्यात जातं, तो त्याची पुस्तिका वाचतो. लहान कंपनीचं विमान परक्या विमानतळावर रात्र काढतं आणि तिथे त्याच्याजवळ वैमानिकांशिवाय कोणी नसतं. सल्ला ज्या पुस्तिकेत आहे ती आणि त्या वेळी विमानाजवळ असलेला माणूस, यांची गाठच पडत नाही. बाहेरगावी मुक्कामी राहणाऱ्या प्रत्येक विमानात झाकणं, दोर, पंखा बांधायचे पट्टे असायला हवेत, आणि ते कोणी लावायचे हे नावानिशी ठरलेलं हवं.

१५ डिसेंबर २०१४ ची घटना वेगळ्या जातीची आहे. अॅबर्डीनहून शेटलंडमधल्या समबरोकडे निघालेल्या साब २००० वर वीज पडली. विमानात तेहेतीस जण होते. कॅप्टनने हाताने नाक वर ओढायला सुरुवात केली, पण ऑटोपायलट चालूच होता. बऱ्याच विमानांत वैमानिकाने जोर लावला की ऑटोपायलट आपोआप सुटतो. या विमानात तसं नव्हतं. वैमानिक वर ओढतो आहे म्हणून ऑटोपायलट ट्रिम, म्हणजे विमानाचं नाक तोलून धरणारी जुळणी, खाली देत गेला. वैमानिकाला वाटलं की विजेमुळे नियंत्रणच बिघडलं. विमान ४,००० फुटांवरून खाली झेपावलं, मिनिटाला ९,५०० फूट इतक्या वेगाने, आणि समुद्रापासून १,१०० फुटांवर सावरलं. मग ते अॅबर्डीनला सुखरूप परतलं. ज्या यंत्रावर आपण काम करतो त्याचा ऑटोपायलट जोर लावल्यावर सुटतो की भांडत राहतो, हे प्रत्येक वैमानिकाला प्रशिक्षणातच हाताने अनुभवायला मिळालं पाहिजे.

आता पैशांकडे. पापा वेस्ट्रेवर शंभरहून कमी माणसं राहतात. तिथली फेरी तिकिटांवर चालू शकत नाही, आणि ती तशी चालावी अशी अपेक्षाही कोणी ठेवत नाही. ती सार्वजनिक सेवेच्या बंधनाखाली चालते. युरोपीय नियमांतली ही पद्धत मला उत्तम वाटते. आधी सरकार किंवा स्थानिक परिषद मार्ग जाहीर करते आणि किमान फेऱ्या, किमान आसनं, कमाल भाडं ठरवते. कोणी अनुदानाशिवाय चालवायला तयार असेल तर त्याला मोकळीक. कोणी आलंच नाही, तर निविदा काढून एकाच कंपनीला ठरावीक काळासाठी मार्ग द्यायचा आणि तूट भरून द्यायची. याशिवाय २००६ पासून उत्तरेकडच्या बेटांवरच्या आणि दुर्गम भागातल्या रहिवाशांना भाड्यात सवलत मिळते. ती आधी ४० टक्के होती, नंतर ५० झाली. पहिल्या पद्धतीत पैसा मार्गाला मिळतो, दुसऱ्या पद्धतीत माणसाला. दोन्हींची गरज वेगळ्या ठिकाणी आहे: जिथे विमान भरतं पण भाडं परवडत नाही तिथे दुसरी, जिथे विमान भरण्याइतकी माणसंच नाहीत तिथे पहिली.

या पद्धतीत एक मोठी अडचण आहे. युरोपीय नियमानुसार असं कंत्राट जास्तीत जास्त चार वर्षांचं, अतिदूरच्या प्रदेशांसाठी पाच. विमान वीस-तीस वर्षं चालतं. चार वर्षांनी कंत्राट हातचं गेलं तर वाळूवर उतरणाऱ्या ट्विन ऑटरचं करायचं काय? म्हणून कंपन्या जुनीच विमानं ओढत राहतात. २०१५ मध्ये यावर चांगला तोडगा निघाला. ग्लासगोहून बारा, टायरी आणि कॅम्पबेलटाउनसाठी दोन नवी ट्विन ऑटर ४०० सरकारी पैशातून घेतली गेली आणि लोगनएअर ती चालवू लागली. यंत्र जनतेचं, चालवण्याचं कौशल्य कंपनीचं. प्रादेशिक विमानसेवेला अनुदान देऊ पाहणाऱ्या कुठल्याही सरकारने आधी हा नमुना पाहावा.

नावाचा प्रवास थोडक्यात: २००८ पर्यंत ब्रिटिश एअरवेज, मग फ्लायबी ही दुसरी विमानकंपनी, आणि १ सप्टेंबर २०१७ पासून पुन्हा स्वतःचं नाव. परक्या नावाखाली उडताना आरक्षणाची यंत्रणा आणि ओळख आयती मिळते, पण गिऱ्हाईक आपलं राहत नाही. फ्लायबी मार्च २०२० मध्ये बुडाली. लोगनएअर तेव्हा तिच्या नावाखाली असती तर तिकीटविक्री एका रात्रीत थांबली असती. झालं उलटं: फ्लायबीचे सोळा मार्ग घेत असल्याचं लोगनएअरने लगोलग जाहीर केलं.

आता प्रश्न यंत्रांचाच आहे. साब ३४० चं उत्पादन १९९९ मध्येच थांबलं. तीस-पस्तीस आसनांचं नवं टर्बोप्रॉप आज कोणीही बनवत नाही. लोगनएअरने साबच्या जागी एटीआर ४२ आणि ७२ आणली. एटीआर ४२ मध्ये अठ्ठेचाळीस आसनं, म्हणजे पन्नासच्या आत, त्यामुळे नियमाने एकच केबिन कर्मचारी पुरतो. पण ज्या मार्गावर रोज बावीस-पंचवीस माणसं असतात, तिथे साबच्या तीन फेऱ्यांऐवजी एटीआरच्या दोन करण्याचा मोह होतो. सकाळी जाऊन, इस्पितळातलं काम उरकून, संध्याकाळी घरी परतणाऱ्या बेटावरच्या माणसाला तिसरी फेरी हवी असते. एकोणीस आणि अठ्ठेचाळीस यांच्यामधली ही रिकामी जागा भरून निघेपर्यंत कंत्राटात आसनसंख्येपेक्षा फेऱ्यांची संख्या आणि त्यांच्या वेळा पक्क्या लिहून घेणं, एवढं बेटांच्या परिषदांच्या हातात आहे.